विधान परिषद हवी का? गारखेड्यातल्या एका फॉर्मवरून सुचलेलं

दिवाळीचा फराळ अजून डब्यांत शिल्लक होता, तेव्हाची गोष्ट. आमच्या गल्लीतले एक काका दुपारी घरी आले. हातात फॉर्मचा गठ्ठा होता. "बाळा, पदवीधरचा फॉर्म भरलास का? नमुना अठरा. डिग्रीची झेरॉक्स दे, फोटो दे, बाकीचं आम्ही बघतो." काका एका इच्छुकाचं काम करतात आणि तेव्हा गारखेड्यातल्या प्रत्येक घरी पदवीधर शोधत फिरत होते. आई चहा घेऊन आली. तिनं सहज विचारलं, "भाऊजी, माझा नाही का फॉर्म?"

काका हसले. "वहिनी, तो डिग्रीवाल्यांचाच असतो."

"असं होय," म्हणून आई रिकामा ट्रे घेऊन आत गेली. ती दहावी शिकलेली आहे आणि २२ वर्षं अंगणवाडी सेविका आहे. मला अक्षरओळख शाळेच्या आधी तिनंच करून दिली. आता या एका मतदारसंघात मला मत आहे आणि तिला नाही.

या ब्लॉगवर मी एरवी पाण्यातल्या नायट्रेटबद्दल लिहिते, म्हणजे माझ्या पीएचडीबद्दल. आजचा विषय वेगळा वाटेल, पण प्रश्न तपासण्याची पद्धत तीच ठेवणार आहे. राज्याला विधानसभा आहे. मग तिच्यावर आणखी एक सभागृह, म्हणजे विधान परिषद, कशासाठी? आणि जे काम तिच्याकडे दिलंय ते ती खरंच करते का?

आधी थोडी ओळख

तुमच्यापैकी अनेकांना हे माहीत असेल, पण उजळणी करू. महाराष्ट्राच्या विधान परिषदेत ७८ जागा आहेत. त्यातले ३० सदस्य विधानसभेचे आमदार निवडतात. २२ जण महापालिका, जिल्हा परिषदा, नगरपालिका अशा स्थानिक संस्थांमधून येतात. ७ पदवीधरांचे, ७ शिक्षकांचे आणि १२ राज्यपालनियुक्त. मुदत सहा वर्षांची. दर दोन वर्षांनी एक तृतीयांश सदस्य निवृत्त होतात, त्यामुळे परिषद विधानसभेसारखी एकदम बरखास्त होत नाही. उमेदवार व्हायला वय ३० लागतं. म्हणजे मी मत देऊ शकते, पण उभी राहू शकत नाही.

देशात आज फक्त सहा राज्यांत अशी परिषद आहे: उत्तर प्रदेश, बिहार, महाराष्ट्र, कर्नाटक, आंध्र प्रदेश आणि तेलंगणा. बाकीची राज्यं एकाच सभागृहावर चालतात. गुजरातला नाही, मध्य प्रदेशला नाही, केरळला नाही. बंगाल आणि पंजाबनं १९६९ मध्ये ती काढून टाकायचं ठरवलं, तामिळनाडूनं १९८६ मध्ये.

आणि आपल्या मराठवाड्यासाठी एक गोष्ट मुद्दाम सांगण्यासारखी आहे. १९५२ ते १९५६ मराठवाडा हैदराबाद राज्यात होता आणि त्या राज्याला एकच सभागृह होतं. विदर्भ तेव्हा मध्य प्रदेशात होता, तिथंही एकच. संविधान सभेत प्रत्येक प्रांताच्या प्रतिनिधींना विचारण्यात आलं होतं की दुसरं सभागृह हवं का, तेव्हा मध्य प्रांत-वऱ्हाडनं नको म्हटलं होतं. मुंबई प्रांतानं हवं म्हटलं. १९५६ मध्ये आपण मुंबई राज्यात गेलो आणि परिषद आपल्याकडे तिथून आली. म्हणजे महाराष्ट्राच्या तीन मोठ्या तुकड्यांपैकी दोन तुकडे आधी तिच्याशिवायच कायदे करत होते. तेव्हा "परिषदेशिवाय कसं चालेल" हा प्रश्न आपल्याकडे तरी नवा नाही. चालत होतं.

दुसरं वाचन म्हणजे काय

परिषदेच्या बाजूनं सगळ्यात जुना आणि सगळ्यात चांगला युक्तिवाद असा: विधानसभा घाईत, भावनेच्या भरात कायदा करू शकते. म्हणून तोच कायदा दुसऱ्या डोळ्यांनी वाचला जावा. थंड डोक्यानं, थोडं लांबून.

हा युक्तिवाद मला पटतो, कारण प्रयोगशाळेत आम्ही रोज हेच करतो. माझंच उदाहरण देते. विहिरीच्या पाण्यात नायट्रेट किती आहे हे मोजायची एक सोपी पद्धत आहे. पाण्यातून २२० नॅनोमीटर तरंगलांबीचा अतिनील प्रकाश सोडायचा. नायट्रेट तो शोषतं. जितकं नायट्रेट जास्त, तितकं शोषण जास्त. पिण्याच्या पाण्यात भारतीय मानकाची मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम आहे, त्यामुळे आकडा चुकला तर चांगली विहीर वाईट ठरते किंवा उलट.

अडचण अशी की २२० वर नुसतं नायट्रेटच प्रकाश शोषत नाही. पाण्यात कुजलेला पालापाचोळा, सांडपाणी यांतून आलेला सेंद्रिय पदार्थ असेल तर तोही शोषतो. यंत्राला फरक कळत नाही. आता तुम्ही म्हणाल, मग दुसऱ्यांदा मोजा. मोजते. पण पुन्हा २२० वरच मोजलं तर आकडा पुन्हा तोच येणार, आणि मला उगाच खात्री वाटणार की बरोबर आहे. दहा वेळा मोजलं तरी तेच. म्हणून आम्ही दुसरं वाचन २७५ नॅनोमीटरवर घेतो. तिथं नायट्रेट जवळपास काहीच शोषत नाही, सेंद्रिय पदार्थ मात्र शोषतो. त्या दुसऱ्या वाचनाची दुप्पट पहिल्यातून वजा करतो. जे उरतं ते नायट्रेट.

यातून मला एक नियम कळला. दुसरं वाचन उपयोगी पडतं ते पहिल्यानं जे पाहिलं नाही ते त्याला दिसतं म्हणून. दोन्ही वाचनं एकाच जागेवरून घेतली तर त्यांचं एकमत हा पुरावा नसतो. ती एकाच चुकीची दोन प्रतींतली नक्कल असते.

आता हा नियम परिषदेला लावून बघू.

७८ पैकी किती जण वेगळ्या जागेवरून बघतात

आमदारांनी निवडलेले ३०. यांना कोणी निवडलं? ज्या सभागृहाची तपासणी करायची त्याच सभागृहानं. ज्या पक्षाचे विधानसभेत जितके आमदार, साधारण तितक्या प्रमाणात त्याचे सदस्य परिषदेत जातात. हे वाचन २२० वरचंच.

राज्यपालनियुक्त १२. संविधानानुसार हे साहित्य, विज्ञान, कला, सहकार आणि समाजसेवा यांतले जाणकार असायला हवेत. पण नावं मंत्रिमंडळ देतं, आणि मंत्रिमंडळ विधानसभेच्या बहुमतातून येतं. जून २०२० मध्ये या जागांची मुदत संपली. नोव्हेंबर २०२० मध्ये तेव्हाच्या सरकारनं १२ नावं पाठवली. राज्यपालांनी ती ना मंजूर केली ना परत पाठवली. पुढं सरकार बदललं, यादी मागं घेतली गेली. शेवटी १५ ऑक्टोबर २०२४ ला, विधानसभेची निवडणूक जाहीर व्हायच्या दिवशी, ७ जागा भरल्या. त्यात माजी खासदार, माजी आमदार, माजी महापौर आणि पक्षाचे पदाधिकारी होते, एक महंतही होते. म्हणजे चार वर्षांहून अधिक काळ परिषदेतल्या एकाही 'जाणकारा'ची खुर्ची भरलेली नव्हती आणि राज्याचा कारभार अडल्याचं कोणाला जाणवलं नाही. माझ्या दृष्टीनं हा नकळत झालेला प्रयोगच आहे. यंत्रातला एक भाग काढून ठेवला आणि वाचनात फरक पडला नाही.

स्थानिक संस्थांचे २२. हे खरं तर सगळ्यात उपयोगी असायला हवेत. शहराचं, गावाचं म्हणणं थेट मुंबईत. पण आपल्याच शहरात बघा. आपल्या महापालिकेची एक निवडणूक एप्रिल २०१५ मध्ये झाली. मुदत एप्रिल २०२० मध्ये संपली. त्यानंतर अनेक वर्षं प्रशासक होता. जिल्हा परिषदेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली. नगरसेवक नव्हते, जिल्हा परिषद सदस्य नव्हते, मग मतदार कुठून आणणार? २०१९ मध्ये औरंगाबाद-जालना स्थानिक संस्थांमधून अंबादास दानवे ५२४ मतांनी निवडून आले होते. पाचशे चोवीस. आमच्या सोसायट्यांच्या दोन-तीन रांगांत याहून जास्त मतदार निघतील. पुढं ते परिषदेत विरोधी पक्षनेते झाले. ऑगस्ट २०२५ मध्ये त्यांची मुदत संपली आणि जागा रिकामी झाली, कारण मत द्यायलाच कोणी उरलेलं नव्हतं. २०२५ मध्ये राज्यभरात या २२ पैकी बहुतेक जागांची हीच गत होती.

उरले पदवीधर आणि शिक्षक, ७ आणि ७. चौदा जण. आमदारांचं मत न लागता, मंत्रिमंडळाची शिफारस न लागता, नगरसेवक-जिल्हा परिषद सदस्यांचंही मत न लागता निवडून येणारे एवढेच. ७८ पैकी १४, म्हणजे शंभरात अठरा. पक्ष तिथंही आहेतच, पण निदान मतदार वेगळा आहे.

बेरीज केली तर उरलेले ६४ जण या ना त्या वाटेनं पहिल्या सभागृहाचे किंवा त्यातल्या पक्षांचेच डोळे आहेत.

घाईला लगाम बसतो का

आकडे बाजूला ठेवून प्रत्यक्ष काम बघू. २०२५ चं उदाहरण. जनसुरक्षा विधेयकावर किती वाद झाला हे आपण सगळ्यांनी पाहिलं. ते आधी दोन्ही सभागृहांच्या संयुक्त समितीकडे गेलं. समितीकडे बारा हजारांहून अधिक सूचना-हरकती आल्या, मसुद्यात काही बदलही झाले. मग १० जुलैला ते विधानसभेत मंजूर झालं आणि ११ जुलैला परिषदेत. कायदा चांगला की वाईट हा आज माझा विषय नाही. मी फक्त तारखा बघतेय. जी काही छाननी झाली ती समितीत झाली. सभागृह म्हणून परिषदेनं घेतलेलं दुसरं वाचन दुसऱ्याच दिवशी उरकलं. आणि समिती नेमायला दुसरं सभागृह लागत नाही, एकटी विधानसभाही नेमू शकते.

तुम्ही म्हणाल, परिषदेत बहुमत विरोधकांचं असेल तेव्हा? मुद्दा रास्त आहे. एक तृतीयांश सदस्य दर दोन वर्षांनी बदलतात, म्हणून परिषदेत जुन्या निवडणुकांची सावली राहते. २०१४ ला राज्यात सत्ता बदलली तेव्हा नव्या सरकारला सुरुवातीची काही वर्षं परिषदेत बहुमत नव्हतं. हे काळाचं अंतर थोडं वेगळं वाचन देऊ शकतं. पण त्या वाचनाला ताकद किती? साधं विधेयक परिषद जास्तीत जास्त तीन महिने अडवू शकते. विधानसभेनं ते पुन्हा मंजूर केलं की आणखी एक महिना. त्यानंतर परिषदेला काय वाटतं याला किंमत नाही. राज्यात संयुक्त बैठकही नसते. धन विधेयकाला तर फक्त १४ दिवस. म्हणजे अडवण्याची सगळी ताकद मिळून चार महिने.

आणि परिषदेनं ती ताकद खरोखर वापरली तर काय होतं, ते आंध्रानं दाखवलं. जानेवारी २०२० मध्ये तिथल्या परिषदेनं तीन राजधान्यांची विधेयकं लगेच मंजूर न करता प्रवर समितीकडे पाठवायचं ठरवलं. हेच तर तिचं काम! काही दिवसांत, २७ जानेवारीला, विधानसभेनं परिषदच रद्द करण्याचा ठराव केला. पुढं परिषदेतही सत्ताधाऱ्यांचं बहुमत होत आलं, तसा नोव्हेंबर २०२१ मध्ये तो ठराव मागं घेतला गेला. परिषद विरोध करते तेव्हा ती नकोशी होते, होकार देऊ लागली की हवीशी वाटते. आंध्रात १९८५ मध्येही ती रद्द झाली होती आणि २००७ मध्ये परत आली. हे बघितल्यावर "घाईला लगाम" हा शब्द वापरताना मला संकोच वाटतो. लगाम घोड्याच्याच हातात आहे.

मग परिषद प्रत्यक्षात कशासाठी वापरली जाते? ज्यांना विधानसभेत जागा नाही त्यांच्यासाठी. २०२० मध्ये उद्धव ठाकरे मुख्यमंत्री होते पण कुठल्याच सभागृहाचे सदस्य नव्हते. सहा महिन्यांची मुदत संपत आली होती, तेव्हा मे महिन्यात ते परिषदेवर बिनविरोध गेले. त्याआधी पृथ्वीराज चव्हाणही मुख्यमंत्री असताना परिषदेतच होते. २०२४ च्या नोव्हेंबरात राम शिंदे विधानसभेला पडले आणि डिसेंबरात परिषदेचे सभापती झाले. ती खुर्ची जुलै २०२२ पासून, जवळपास अडीच वर्षं, रिकामीच होती, उपसभापती काम बघत होत्या. यात बेकायदा काही नाही आणि कुठल्या एकाच पक्षाला दोष द्यायचं कारणही नाही. सगळेच करतात. पण ही सोय पक्षांची आहे. तिचा खर्च मात्र आपण "दुसरं वाचन" या नावाखाली करतो.

पण थांबा, एवढं सोपं नाही

इथपर्यंत लिहून मी दोन दिवस थांबले, कारण माझ्या मताच्या विरोधातला पुरावा मी अजून मांडला नव्हता. तो आहे आणि वजनदार आहे.

वि. स. पागे. १९६० ते १९७८, सलग अठरा वर्षं, ते विधान परिषदेचे सभापती होते. रोजगार हमी योजनेचे जनक म्हणून आपण त्यांना ओळखतो. १९७२ च्या दुष्काळात मराठवाड्यानं खडी फोडून दिवस काढले, ते आपल्या आजी-आजोबांना अजून आठवतं. त्यातून "मागेल त्याला काम" हा हक्क १९७७ मध्ये कायद्यात उतरला आणि पुढं २००५ च्या केंद्राच्या कायद्याला त्याचा नमुना मिळाला. शहरातल्या पगारदाराच्या स्लिपवर जो व्यवसाय कर कापला जातो तो याच योजनेसाठी सुरू झाला होता. शहरानं गावाच्या कामासाठी पैसे द्यायचे, ही कल्पना मतांच्या गणितातून सहज निघत नाही.

ना. धों. महानोर. आपल्याच जिल्ह्यातल्या सोयगाव तालुक्यातले, पळसखेड्याचे. राज्यपालनियुक्त सदस्य म्हणून परिषदेत गेले आणि तिथं शेती, पाणी, जंगल यावर बोलले. शेतात राबणारा कवी निवडणूक लढवून गेला असता का? मला नाही वाटत.

बी. टी. देशमुख अमरावतीहून पदवीधरांतून जात राहिले आणि विदर्भाचा सिंचनाचा अनुशेष आकड्यांनिशी मांडत राहिले. पुण्यातून ग. प्र. प्रधान पदवीधरांचे प्रतिनिधी म्हणून १८ वर्षं होते.

ही नावं परिषदेच्या समर्थनार्थ नेहमी दिली जातात आणि ती खरी आहेत. पण संशोधनात एक चूक आम्हाला सुरुवातीलाच शिकवतात: चांगले नमुने तेवढे निवडून सरासरी काढू नका. चार-पाच थोर माणसं दाखवून सभागृहाची गरज सिद्ध होत नाही. त्यांनी जे केलं ते कुठून आलं, हे बघायला हवं. देशमुख आणि प्रधान त्या चौदातल्या जागांवरून आले होते. महानोर नियुक्तीतून आले, पण ती नियुक्ती ज्या हेतूनं संविधानात लिहिलीय त्याच हेतूनं वापरली गेली होती. पागे अठरा वर्षं एका जागी राहिले, पुढच्या निवडणुकीची तारीख मोजत बसावं लागलं नाही. म्हणजे परिषदेचं जे भलं झालं ते ती २७५ वर होती तेव्हा झालं. हा पुरावा परिषदेच्या कल्पनेच्या बाजूनं आहे आणि तिच्या आजच्या रचनेच्या विरोधात आहे.

माझं मत इथं बदललं. लिहायला बसले तेव्हा शेवट ठरलेला होता, "रद्द करा". आता तेवढ्यावर थांबता येत नाही.

मराठवाड्याला वेगळ्या वाचनाची गरज आहे का

विधानसभेत मराठवाड्याच्या ४६ जागा आहेत, २८८ पैकी. लोकसंख्येप्रमाणे त्या बरोबरच आहेत, तक्रार नाही. पण काही प्रश्न डोकी मोजून सुटत नाहीत. वरच्या धरणांतून जायकवाडीत पाणी सोडायचं की नाही, यात नाशिक-अहिल्यानगर एका बाजूला आणि आपण दुसऱ्या बाजूला असतो. सिंचनाचा अनुशेष हाही असाच प्रश्न. अशा वेळी बहुमत म्हणजे एका तरंगलांबीचं वाचन. १९९४ मध्ये मराठवाड्यासाठी वैधानिक विकास मंडळ आलं होतं, असमतोल मोजायला आणि दाखवायला. त्याची मुदत ३० एप्रिल २०२० ला संपली. आपल्या महापालिकेची मुदतही त्याच महिन्यात संपली, आणि दोन महिन्यांत परिषदेतले १२ नियुक्तही घरी गेले. आपलं म्हणणं मुंबईपर्यंत नेणाऱ्या तीन वाटा एकाच उन्हाळ्यात बंद झाल्या, आणि आपण तेव्हा करोनाच्या बातम्या बघत होतो.

तेव्हा विभागाच्या नजरेनं कायदे वाचणारं एखादं सभागृह हवं, असं मला वाटतं. गंमत म्हणजे त्याचं बीज परिषदेत आधीच आहे. पदवीधरांच्या सात जागा बघा: मुंबई, कोकण, पुणे, नाशिक, औरंगाबाद, अमरावती, नागपूर. एका विभागाला एक जागा, लोकसंख्या काहीही असो. आपल्या मतदारसंघात मराठवाड्याचे आठही जिल्हे येतात. ही विभागाची जागा आहे. तिच्या दारावर फक्त पदवीची कडी लावलीय.

आणि ती कडी आता कशासाठी? १९५० मध्ये पदवीधर मोजके होते, शिकलेल्यांचं मत वेगळं घ्यावं असं तेव्हा वाटलं असेल. पण मी रसायनशास्त्रात एम.एस्सी. आहे. त्यामुळे मला नायट्रेट मोजता येतं. राज्यानं अंगणवाडीवर खर्च करावा की उड्डाणपुलावर, याची समज माझ्या आईपेक्षा मला जास्त आहे असं ती पदवी कुठेच म्हणत नाही. शिक्षक मतदारसंघाची तर कमाल आहे. तिथं माध्यमिक आणि त्यावरच्या शाळा-कॉलेजांचे शिक्षकच मतदार असतात. जिल्हा परिषदेच्या शाळेत पहिलीला शिकवणाऱ्या गुरुजींना मत नाही. अंगणवाडीतल्या बाईंचा तर प्रश्नच नाही. राज्याच्या शिक्षणाचा पाया जे घालतात, ते संविधानाच्या भाषेत शिक्षक नाहीत.

मग करायचं काय

माझं म्हणणं दोन वाक्यांत सांगते. आहे या रूपात विधान परिषदेची महाराष्ट्राला गरज नाही. तिची रचना बदलता येत नसेल तर ती काढून टाकावी.

रचना बदलणं वाटतं तितकं अवघड नाही. "संविधान बदलावं लागेल" असं सांगून हा विषय नेहमी मिटवला जातो. पण कलम १७१ च्या दुसऱ्या पोटकलमात स्पष्ट आहे की परिषदेची रचना संसदेला साध्या कायद्यानं बदलता येते. एक तृतीयांश, एक बारांश ही वाटणी "संसद वेगळं ठरवत नाही तोपर्यंत" एवढ्यापुरतीच आहे. घटनाकारांनी दार उघडं ठेवलंय. रद्द करायची वाटही त्यांनीच कलम १६९ मध्ये देऊन ठेवलीय: विधानसभेनं विशेष बहुमतानं ठराव करायचा, मग संसदेनं कायदा करायचा. गेल्या पंचाहत्तर वर्षांत या दुसऱ्या दारातून अनेकदा ये-जा झाली. पहिल्याला कोणी हात लावला नाही.

मला विचाराल तर सुरुवात पदवीधरांच्या त्या सात जागांपासून करावी. विभाग ठेवावेत, पदवीची अट काढावी आणि प्रत्येक विभागाच्या जागा वाढवून सगळ्या प्रौढ मतदारांना मत द्यावं. आमदारांनी निवडायच्या जागा तेवढ्या कमी कराव्यात. जगात एकाच सभागृहावर चालणारी राज्यं आहेत. अमेरिकेतलं नेब्रास्का १९३७ पासून तसं चालतंय, ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँडनं १९२२ मध्ये वरचं सभागृह काढून टाकलं. तेव्हा दुसरं सभागृह नसणं हे संकट नाही. ते ठेवायचं असेल तर त्यानं काहीतरी वेगळं पाहिलं पाहिजे, एवढीच अट.

हे होईल का? विधानसभेत बसलेल्या कुठल्याच पक्षाला घाई असायचं कारण नाही, कारण परिषदेतल्या खुर्च्या सगळ्यांनाच लागतात. म्हणून दबाव आला तर त्या चौदा जागांच्या मतदारांकडूनच येईल. म्हणजे माझ्याकडून, आणि तुमच्यापैकी ज्यांच्याकडे पदवी आहे त्यांच्याकडून.

म्हणून मी फॉर्म भरला. काकांकडे दिला नाही. साक्षांकित प्रत जोडून स्वतः जाऊन दिला. मुदत ६ नोव्हेंबर २०२५ पर्यंत होती. १ नोव्हेंबर २०२५ ला पदवीला तीन वर्षं झालेली असावीत, अशी अट होती. ही यादी दर वेळी नव्यानं बनते. मागच्या वेळी नाव होतं म्हणून या वेळी आपोआप येणार नाही.

आणि मतं मागायला कोणी आलं तर मी एकच प्रश्न विचारणार आहे: ज्या जागेवर तुम्ही निवडून जाणार, तिच्या दारावरची पदवीची अट काढायला तुम्ही सभागृहात उभे राहाल का? काकांना हा प्रश्न आत्ताच विचारून पाहिला. ते म्हणाले, "बाळा, असं कोण विचारतं?"

आई आतून म्हणाली, "मी विचारणार होते. पण माझ्याकडे कोणी मत मागायलाच येणार नाही ना."